सूत्रधारामागे मंडळी

मराठीतला ‘मंडळी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. पंगतीला बसते ती मंडळी, लग्नाला येते ती वऱ्हाडी मंडळी, आणि चारचौघांत बोलायला उभे राहिले की समोर बसलेले सारे ‘मंडळी’च होतात. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात नाटकाचा धंदा उभा राहिला, तेव्हा नाटकवाल्यांनी आपल्या संस्थांसाठी हाच शब्द उचलला. किर्लोस्कर नाटक मंडळी, शाहूनगरवासी नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी अशी ती नावे. इंग्रजीतला ‘कंपनी’ हा शब्द लोकांच्या तोंडी होताच. परंतु पाटीवर मात्र ‘मंडळी’ असे लिहिले गेले. त्या शब्दात मालकापेक्षा माणसांचा मेळा अधिक दिसतो. एकत्र राहणारी, एका चुलीवरचे जेवणारी, बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारी माणसे.

या मेळ्याच्या मध्यभागी बहुधा एकच माणूस असे. त्याच्या गळ्यासाठी, रूपासाठी किंवा लेखणीसाठी लोक तिकीट काढीत. असा माणूस निवर्तला, किंवा रुसून निघून गेला, तर उरलेल्यांनी काय करावे? त्याच नावाने खेळ लावावा, की पडदा गुंडाळून घरी जावे? पुढे चालणे ही निष्ठा म्हणावी की मृताच्या नावावर केलेला व्यापार? आणि थांबणे हा आदर म्हणावा की आळस?

प्रश्न जुना आहे, तसाच आजचाही आहे. पाश्चात्त्य रॉक संगीताचे वाद्यवृंद आता साठीच्या घरात आले असून त्यांतील एकेक वादक काळाच्या पडद्याआड जात आहे. तेथील रसिक याच प्रश्नावर तावातावाने वाद घालतात. मात्र आपल्याकडे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता आणि त्याची तीन-चार निरनिराळी उत्तरेही देऊन झाली होती. ती तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सडक अर्जुनीसारख्या गावात राहून हा विषय निवडण्यास एक कारण आहे. हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. येथे दिवाळी सरली की मंडईचे दिवस येतात, रात्रभर नाटके चालतात आणि गावोगावच्या दंडारीच्या मंडळींपुढे हाच प्रश्न आज उभा आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

किर्लोस्करांच्या मागे

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात ही तारीख ठळकपणे नोंदली गेली आहे. तोपर्यंत नाटकात सूत्रधार गात असे व पात्रे बोलत असत. अण्णासाहेबांनी गाणे पात्रांच्या तोंडी दिले. १८८२ साली ‘सौभद्र’ आले. त्याच वर्षी बडोद्याहून लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर हा एकोणीस वर्षांचा तरुण मंडळीत दाखल झाला आणि त्याच्या पहाडी आवाजाने महाराष्ट्राला वेड लावले. पुढे अण्णासाहेबांनी ‘रामराज्यवियोग’ लिहावयास घेतले; परंतु ते पुरे व्हावयाचे होते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, गुर्लहोसूर या आपल्या मूळ गावी ते निवर्तले. मंडळीचे वय त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचे होते.

नाटककार, शिक्षक, नट आणि संस्थापक अशी चारही माणसे एकाच वेळी गेली, असे म्हणावयास हरकत नाही. लौकिक हिशेबाने मंडळी तेथेच बंद पडावयास हवी होती. ती पडली नाही, याची कारणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले कारण म्हणजे नाटके. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या संहिता लेखकाच्या देहावर अवलंबून नव्हत्या. त्यांतील पदे, चाली, प्रवेशांची बांधणी हे सारे नटांना मुखोद्गत झाले होते. दुसरे कारण म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. ते अण्णासाहेबांच्या तालमीत तयार झालेले शिष्य. गुरूने काय शिकवले, हे त्यांना ठाऊक होते. तथापि गुरूचीच नाटके आयुष्यभर घोकीत ते बसले नाहीत. ‘मृच्छकटिक’, ‘शापसंभ्रम’ आणि १८९९ साली ‘शारदा’ ही त्यांची नाटके मंडळीला मिळाली. ‘शारदा’त तर पुराणातील राजाराणी नव्हतीच. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे दुःख तेथे प्रथमच संगीत नाटकात बोलू लागले. अण्णासाहेबांनी असे नाटक लिहिले नव्हते. तरीही ‘शारदा’ किर्लोस्कर मंडळीचेच नाटक होते, कारण गाणे पात्राच्या मनातून उमटावे हा अण्णासाहेबांचा दंडक त्यात पाळला होता. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ही याच मंडळीने केले आणि त्याबरोबर पारशी रंगभूमीकडच्या नव्या चाली मराठीत आल्या.

मंडळीला दुसरा आघात १३ फेब्रुवारी १९०१ रोजी बसला. भाऊराव कोल्हटकर गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. पंधरा वर्षे ज्या आवाजावर मंडळी उभी होती तो आवाज थांबला. नाटककार गेला तर त्याचे नाटक मागे उरते. परंतु गायक गेला की काय उरते? त्या काळी नाटकातले गाणे दुसऱ्या दिवशी ऐकण्याची सोय नव्हती. आज आपण भाऊरावांची कीर्ती वाचतो. त्यांचा आवाज मात्र कोणी ऐकू शकत नाही. मंडळीने ही वर्षे कशीबशी काढली. पुरुषभूमिकांची धुरा नानासाहेब जोगळेकरांनी वाहिली आणि व्यवस्था शंकरराव मुजुमदारांनी सांभाळली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला. लहानपणी लोकमान्य टिळकांनी ज्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, तोच हा. देवलांनी त्याला शकुंतला शिकवली. वीस वर्षांपूर्वी निवर्तलेल्या अण्णासाहेबांचे शिक्षण अशा रीतीने त्यांना न पाहिलेल्या मुलापर्यंत पोहोचले. परंपरा म्हणतात ती हीच.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी दगावली आणि तरीही त्यांनी भामिनीची भूमिका केली, ही हकीकत महाराष्ट्राला पाठ आहे. तिचा गौरव पुष्कळांनी केला आहे. माझ्या मनात मात्र ती वाचताना थोडी कालवाकालव होते. प्रेक्षक आले आहेत, मंडळीतील सर्वांचे पोट त्या खेळावर आहे, म्हणून बापाने आपला शोक विंगेत ठेवून पुढे यावे, हे कर्तव्य थोर खरेच. परंतु खेळ चालू राहण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही त्यावरून कळते.

गंधर्वांची मंडळी

१९११ सालीच नानासाहेब जोगळेकरही वारले. या वेळी मात्र मंडळी एकसंध राहिली नाही. कारभाराविषयी मतभेद वाढले आणि जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून ‘गंधर्व नाटक मंडळी’ स्थापन केली. येथे लक्षात घेण्यासारखे असे, की अण्णासाहेबांच्या व भाऊरावांच्या मृत्यूने जे घडले नाही ते फाटाफुटीने घडले. मृत्यूच्या दुःखाने माणसे जवळ येतात. रुसव्याने आणि पैशाच्या हिशेबाने मात्र ती पांगतात.

तरीही किर्लोस्कर मंडळी लगेच मिटली नाही. १९१४ साली तेथे दीनानाथ मंगेशकर आले आणि १९१६ साली राम गणेश गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ याच मंडळीने केले. परंतु १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे हेही बाहेर पडले व त्यांनी ‘बलवंत संगीत मंडळी’ काढली. एका झाडाच्या फांद्या अशा रीतीने दुसरीकडे रुजत गेल्या आणि मूळ खोड वाळत गेले. किर्लोस्करांचे नाव पाटीवर होते. त्यांचे शिक्षण मात्र बाहेर पडलेल्या मंडळींबरोबर गेले होते. वारसा कोणाकडे गेला असे विचारले, तर पाटी ज्यांच्याकडे राहिली त्यांच्यापेक्षा तालीम ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडे, असेच उत्तर द्यावे लागेल.

गंधर्व मंडळीची गोष्ट निराळी आहे. तेथे सर्व वैभव एका माणसाभोवती फिरत होते. ‘संशयकल्लोळ’ व ‘स्वयंवर’ १९१६ साली, ‘एकच प्याला’ १९१९ साली. भास्करबुवा बखल्यांसारखा गवई चाली देण्यास, अहमदजान तिरखवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिये साथीस. शालू, दागिने, अत्तरे यांवर सढळ हाताने खर्च. टेंबे लवकरच वेगळे झाले, १९२२ साली भास्करबुवा वारले. त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य मास्टर कृष्णराव आले व गाण्याची गादी रिकामी राहिली नाही. परंतु बालगंधर्वांच्या जागी कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारणार तरी कसा? ज्या मंडळीचे नावच ‘गंधर्व’, तिच्यात दुसरा गंधर्व कोठून आणावयाचा?

पुढे बोलपट आले. कर्जाचे ओझे वाढले होते. १९३४ च्या अखेरीस गंधर्व मंडळीने आपले काम थांबविले आणि बालगंधर्व प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात संत एकनाथांच्या भूमिकेत उभे राहिले. त्यानंतर त्यांनी मंडळीला पुन्हा उभे करण्याचा यत्न केला. गोहरबाई कर्नाटकी १९३८ साली त्यांच्या मंडळीत आल्या. परंतु जुने दिवस परतले नाहीत. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या उत्तरायुष्याविषयी महाराष्ट्रात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, त्यांनी वेळीच थांबावयास हवे होते. दुसरा म्हणतो, गाणाऱ्याने श्वास असेपर्यंत गावे, ऐकणाऱ्याने आपला मान राखून ऐकावे. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मंडळीला लागू पडत नाही. माणसाला आपल्या कलेबरोबर म्हातारे होण्याचा हक्क आहे. संस्थेला मात्र एका माणसाबरोबर म्हातारे होणे परवडत नाही.

आदर्शाचे नाव

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी आहे. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस केशवराव भोसले या सतरा वर्षांच्या तरुणाने एक मंडळी काढली. त्याने तिला आपले नाव दिले नाही. ‘ललितकलादर्श’ असे नाव ठेवले, म्हणजे ललित कलांचा आरसा. हा निव्वळ योगायोग असेलही. पण पुढील इतिहास पाहता त्या नावात काही शहाणपण होते असे वाटल्यावाचून राहत नाही.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे नायक एकाच रंगमंचावर आले, हा प्रसंग मराठी रंगभूमीचा कळसाध्याय समजला जातो. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. वय ३१.

मंडळीची धुरा व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकरांकडे आली. ते मंडळीतच वाढलेले नट. केशवरावांसारखा गळा आपला नाही, हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे. केशवरावांची नक्कल करीत ‘मानापमान’चे प्रयोग लावणे हा सोपा मार्ग होता. बापूरावांनी दुसरा मार्ग धरला. केशवरावांच्या वेळेपासून मंडळीशी जुळलेले भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांचे ‘सत्तेचे गुलाम’ हे नवे सामाजिक नाटक १९२२ साली त्यांनी रंगभूमीवर आणले. चित्रकार पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने घर घरासारखे दिसू लागले. १९२३ साली ‘तुरुंगाच्या दारात’, १९३२ साली ‘सोन्याचा कळस’. एका गायकाच्या कीर्तीवर उभी असलेली मंडळी आता विषयाच्या ताजेपणासाठी ओळखली जाऊ लागली. संस्थापकाच्या जागेवर बसून त्याच्यासारखे दिसण्याचा हव्यास बापूरावांनी धरला नाही, हेच त्यांचे खरे कर्तृत्व.

१५ मार्च १९३७ रोजी बापूरावही गेले. मुलगा भालचंद्र त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. मंडळी थांबली. बोलपटांनी बहुतेक नाटक मंडळींचा ग्रास घेतलेला, तेव्हा हा शेवटच असे कोणीही म्हटले असते. परंतु भालचंद्र पेंढारकरांनी रामकृष्णबुवा वझ्यांकडे गाणे शिकून १९४२ साली वडिलांच्याच ‘सत्तेचे गुलाम’ने मंडळीचे पुनरुज्जीवन केले. प्रारंभ जुन्या नाटकाने केला. पण मुक्काम तेथे केला नाही. १९५७ साली बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’, १९६० साली विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’, १९६६ साली ‘जय जय गौरीशंकर’ अशी नवी नाटके त्यांनी केली. त्यांनी आणखी एक मोलाचे काम केले. अनेक नाटके ध्वनिमुद्रित करून ठेवली. भाऊरावांचा आवाज कायमचा हरपला, तसे पुढल्यांचे होऊ नये, ही दृष्टी त्यामागे होती. ११ ऑगस्ट २०१५ रोजी, नव्वदी उलटल्यावर, ते निवर्तले. त्यांचे चिरंजीव ज्ञानेश पेंढारकर यांनीही संगीत नाटकाची वाट धरली. मंडळीने २००८ साली शंभरी पूर्ण केली होती.

केशवरावांच्या नावाचे नाट्यगृह कोल्हापुरात आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीत जळाले. कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. दगडविटांची वास्तू जळाली म्हणून एवढे रडू येते, यावरून केशवरावांनी तेरा वर्षांच्या कारकिर्दीत काय पेरून ठेवले होते, ते ध्यानात यावे.

जोडीतला एक गेल्यावर

मंडळीचा प्रश्न दोघांच्या जोडीत अधिक धारदार होतो. संगीतकार शंकर-जयकिशन यांपैकी जयकिशन १२ सप्टेंबर १९७१ रोजी गेले. शंकर यांनी जोडनाव तसेच ठेवले. राज कपूर यांनी मात्र ‘बॉबी’साठी (१९७३) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना बोलावले. शंकर यांच्या वाट्याला १९७५ साली ‘संन्यासी’चे यश आले, तरी पूर्वीचे राज्य परत मिळाले नाही. १९८७ साली तेही गेले.

आपल्या विदर्भातील उदाहरण याहून हृद्य आहे. नागपूरचे विजय पाटील आणि त्यांचे जोडीदार यांनी ‘राम-लक्ष्मण’ या नावाने दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ला (१९७५) संगीत दिले. पुढच्याच वर्षी ‘राम’ वारले. ‘लक्ष्मण’ म्हणजे पाटील. त्यांनी एकट्याने काम करताना आपले स्वतःचे नाव पुढे केले नाही. ‘रामलक्ष्मण’ हेच नाव त्यांनी शेवटपर्यंत चालविले. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) आणि ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) ही गाजलेली गाणी रामच्या पश्चात, पण रामच्या नावासह आली. २२ मे २०२१ रोजी नागपुरात पाटील यांचे निधन झाले. ज्याने एकही सूर त्या गाण्यांना दिला नाही, त्याचे नाव पंचेचाळीस वर्षे पहिले राहिले. यात प्रेक्षकांची फसवणूक झाली, असे कोणी म्हणेल का? मला तरी ती मित्रऋणाची फेड वाटते. शंकर यांनी आणि विजय पाटील यांनी बाह्यतः एकच गोष्ट केली, पण एकाच्या बाबतीत जुन्या कीर्तीशी तुलना होत राहिली, तर दुसऱ्याने कीर्ती मागाहून मिळवून ती मृत मित्रासह वाटून घेतली.

सातासमुद्रापलीकडे

आता पाश्चात्त्यांकडे वळू. इंग्लंडमधील ‘लेड झेपेलिन’ या वृंदाचा ढोलवादक जॉन बॉनहॅम २५ सप्टेंबर १९८० रोजी वारला. उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी ४ डिसेंबरला निवेदन काढून वृंद विसर्जित केला. लाखो चाहते असताना, पैसा समोर दिसत असताना त्यांनी हे केले. २००७ साली लंडनमध्ये ते एका कार्यक्रमापुरते एकत्र आले, तेव्हा ढोलावर बॉनहॅमचा मुलगा जेसन बसला होता. त्याच १९८० सालच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट मृत्यू पावला होता. त्यांनी ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेतला आणि पाच महिन्यांत ‘बॅक इन ब्लॅक’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिचे वेष्टन शोकाच्या काळ्या रंगाचे होते. ती जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरली. एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या दुःखावर दोन विरुद्ध निर्णय झाले आणि दोन्ही निर्णयांना आज कोणी नावे ठेवीत नाही.

‘क्वीन’ या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याशी आपला दूरचा ऋणानुबंध आहे. त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच शाळूसोबत्यांबरोबर त्याने आपला पहिला वाद्यवृंद काढला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला. काही वर्षांनी त्याचा एक साथीदार जॉन डीकन निवृत्त झाला. उरलेले ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी पुढे गायनास अ‍ॅडम लॅम्बर्ट यास घेतले. परंतु जाहिरातीत त्याचे नाव ‘क्वीन’च्या जोडीला, अधिक चिन्ह घालून, वेगळे लिहिले. समोर गातो तो फ्रेडी नव्हे, त्याची जागा रिकामीच आहे आणि हा पाहुणा आहे, असे त्या एका चिन्हाने प्रेक्षकांस सांगितले. तिकीट घेणाऱ्याला काय मिळणार आहे, हे आधीच सांगण्याचा हा सरळपणा अनुकरणीय आहे.

झाडीपट्टीत

हे सारे दूरचे झाले. आता घरचे पाहू. सौंदड स्थानकातून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाटेत वडसा लागते. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. धानाची कापणी आटोपली की तेथील नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि होळीपर्यंत रात्र जागवतात. शंकरपटाचे निमित्त असो की मंडईचे, पाहुणे जमतात, मुली माहेरी येतात आणि मांडव भरतो. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ती या साऱ्या मुलखाला मिळाल्यासारखे वाटले. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि येथील लोकरंगभूमीचा अभ्यास करून हे धन कागदावर आणले, तेही उपकार मोठे.

वडशाच्या मंडळ्या व्यवसायावर उभ्या आहेत. एक नट गेला तर दुसरा येतो. प्रश्न आहे तो गावच्या दंडारीचा आणि खडी गंमतीचा. तेथे करारपत्रे नसतात, मालक नसतो. गाणी कोणा एका म्हाताऱ्याच्या पाठांतरात असतात. ढोलकीचा हात एकाचाच असतो. तो म्हातारा गेला की शेजघरातल्या खुंटीला ढोलकी टांगली जाते आणि पुढच्या मंडईला त्या गावाची दंडार निघत नाही. कोणी निवेदन काढीत नाही, कोणी शोकसभा घेत नाही. किर्लोस्कर मंडळी मिटली तर तिचा इतिहास तरी लिहिला गेला. दंडार मिटते तेव्हा गावाला ती मिटल्याचे कळायलाही दोन-तीन वर्षे लागतात.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील गायनवृंदही या नियमाला अपवाद नाही. पेटी वाजविणारे एकच गुरुजी, सुरुवात करून देणारी एकच बाई. ते आहेत तोवर नाताळची आणि ईस्टरची उपासना बहरते. त्यांची बदली झाली, किंवा देवाज्ञा झाली, की दोन रविवार शांततेत जातात आणि तिसऱ्या रविवारी कोणीतरी मोबाइलवर गाणे लावते. गाणे तेव्हाही ऐकू येते, परंतु ते गाणारी मंडळी नाहीशी झालेली असते.

काय करावे?

या सर्व उदाहरणांवरून सरसकट नियम काढता येईल असे मला वाटत नाही. तथापि काही गोष्टी स्पष्ट दिसतात. ज्या मंडळीत शिकविणे चालू होते ती नायकाच्या मृत्यूनंतर टिकली. देवल होते म्हणून किर्लोस्करांची विद्या बालगंधर्वांपर्यंत आली. भास्करबुवांनी शिष्य घडविला म्हणून त्यांच्या पश्चात गंधर्व मंडळीचे गाणे थांबले नाही. जेथे शिकविण्याची वेळच आली नाही, तेथे नायकाबरोबर सारे संपले. म्हणजे पुढे चालावे की थांबावे, याचा निर्णय खरे तर नायक जिवंत असतानाच होत असतो. तेराव्याच्या दिवशी केलेली चर्चा ही उशिराची चर्चा होय.

दुसरी गोष्ट अशी, की पुढे चालणाऱ्यांनी नवे काही करावे लागते. बापूरावांनी केशवरावांची नक्कल केली असती तर लोक सहानुभूतीने एक हंगाम आले असते आणि दुसऱ्या हंगामात घरी बसले असते. जुने जपावयाचे तर त्याच्या शेजारी नवे पेरावे लागते. धानाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोठीतले बियाणे राखून ठेवले म्हणजे पीक येत नाही. ते दरवर्षी चिखलात टाकावे लागते आणि दरवर्षी नवे होऊनच ते जुने राहते.

तिसरी गोष्ट, लोकांशी खरे बोलावे. जो नाही तो आहे असे भासवू नये. त्याच्या नावाचा आदर करावा, त्याच्या नावावर उधारी करू नये.

आणि ज्यांना थांबावयाचे आहे त्यांनी अवश्य थांबावे. पण थांबताना वही कोणाच्या तरी हाती द्यावी. भाऊरावांचा आवाज गेला, तो परत आणणे कोणालाही शक्य नाही. भालचंद्र पेंढारकरांनी मात्र हाताशी होते ते वाचवून ठेवले. आज ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. गावातल्या त्या म्हाताऱ्या शाहिराजवळ एक संध्याकाळ बसून त्याची गाणी उतरून घेणे आणि एखाद्या पोराचा हात धरून त्याला ढोलकीवर बसविणे, एवढे तरी येत्या मंडईच्या आधी आपल्याला करता येईल. त्यासाठी नाटक मंडळीचा मालक असावे लागत नाही. मंडळींपैकी एक असले म्हणजे पुरे.